बुढ्याचे पाण्यातले कान

आमच्या बुढ्याला ऐकू येत नाही हे गावाला फार उशिरा कळलं. ऐकू येत होतं तेव्हाही तो कोणाचं ऐकत नव्हता, त्यामुळे मधे काही फरक पडलाय असं कोणाला वाटलंच नाही. मलाही नाही. मला वाटलं, लग्न जुनं झालं की नवऱ्याचे कान असेच होत असतील.

मग एकदा तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून बिडी पेटवत होता आणि गुरांच्या कुटारानं भरलेला ट्रॅक्टर त्याच्या पाठीला लागून हॉर्न वाजवत होता. गल्लीतली कुत्री पळाली, कोंबड्या पळाल्या, बुढा हलला नाही. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याच्या तोंडासमोर येऊन बोंबलला. बुढा शांतपणे म्हणाला, "काडी पाह्यजे काय?"

आमचा पोरगा तेव्हा सुट्टीवर घरी आला होता. तो म्हणाला, "माय, बाबाले दवाखान्यात दाखवा लागते." म्हणून आम्ही शेगावला गेलो.

कानाच्या डॉक्टरनं दोन टोकांचा एक लोखंडी चिमटा आपल्या कोपरावर आपटला आणि बुढ्याच्या कानाजवळ धरला. बुढा डॉक्टरच्या तोंडाकडे बघत बसला. मग डॉक्टरनं तो पुन्हा आपटला आणि त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. बुढा खुर्चीतून उठलाच. म्हणाला, "अबे, हे तं वाजते!"

डॉक्टर तरुण होता, पण समजावून सांगणारा होता. म्हणाला, कानाच्या आत तांदळाच्या दाण्याहून बारीक हाडूक असतं, ते बाबांचं आखडून बसलंय. हवेतून आलेला आवाज तिथं येऊन अडकतो. त्याच्या मागची नस मात्र चांगली आहे. म्हणून कवटीच्या हाडातून आवाज पाठवला की तो पोचतो. ऑपरेशन होऊ शकतं. बुढ्याला हातवारे करून ऑपरेशन सांगितलं तर तो चपला शोधायला लागला. मग कानात घालायची मशीन घेतली.

मशीन लावून आम्ही घरी आलो. मी म्हटलं, "हातपाय धुवा, वाढते." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुहा आवाज असा झाला काय वं?" जेवण झाल्यावर त्यानं मशीन काढली, दुपट्ट्यानं पुसली आणि डबीत ठेवली. डबी अजून कपाटात आहे. चांगल्या स्थितीत आहे.

या दुखण्यात आणखी एक गंमत असते. माणसाला बाहेरचं ऐकू येत नाही, पण स्वतःचं बोलणं स्वतःच्या डोक्यात मोठं ऐकू येतं. म्हणून बुढा हळू बोलतो, पुटपुटल्यासारखा. मला ते समजत नाही, म्हणून मी "काय?" म्हणते. मग मला त्याला उत्तर द्यायचं असतं, ते ओरडून द्यावं लागतं. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं की बाबा किती शांत आहेत आणि म्हातारी बहिरी आहे, वर भांडखोरही आहे.

आता विहिरीचं सांगते.

बुढ्याचा सगळा जन्म विहिरीत गेला. गाळ काढणं, पडलेल्या बादल्या काढणं, मोटरचे पाइप उतरवणं हेच त्याचं काम. मग यंत्रं आली, वय झालं, काम संपलं. राहिलं ते एवढंच की उन्हाळ्याच्या सुट्टीत तो गावातल्या पोरांना पोहायला शिकवतो. गावच्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीला जिवंत झरे आहेत, मे महिन्यातही ती तळ दाखवत नाही. नळ आल्यापासून तिचं पाणी कोणी पीत नाही. एके काळी याच विहिरीच्या पायरीवर माझ्या सासऱ्याला पाय ठेवू देत नव्हते. आता त्यांचा मुलगा गावभरच्या लेकरांना तिच्यात बुचकळतो आणि निघायच्या वेळी आयाबाया वर टॉवेल घेऊन उभ्या राहतात. बुढ्याला यात काही विशेष वाटत नाही. मला वाटतं, पण मी ते बोलून दाखवत नाही.

माझा विहिरीशी संबंध वेगळा होता. आमच्या दोन खोल्या आहेत, वर पत्रे. दहा महिने बुढा त्या दोन खोल्यांत असतो आणि ते दहा महिने मी काढते. पण उन्हाळ्यात सकाळचा चहा झाला की तो खांद्यावर दुपट्टा टाकून निघायचा आणि ऊन डोक्यावर आल्यावर परत यायचा. तेवढी सकाळ माझी. मी त्यात फार काही करत नव्हते. भाजी निवडायची, शेवया वाळत घालायच्या, कधी नुसतं बसायचं. कोणी "काय?" म्हणायला नाही आणि कोणाला "काय?" म्हणायचं नाही. वर्षभर मी त्या सकाळींची वाट बघायची.

त्या वर्षी आमच्या सरपंचाचा पोरगा बुढ्याकडे पोहायला शिकायला जात होता. सरपंच म्हणजे तरुण बाई, शिकलेली, कामाला पक्की. एक दिवस घरी पाहुणे आले म्हणून ती पोराला बोलवायला विहिरीवर गेली. पोरं पाण्यातून निघाली होती आणि बुढा खालच्या पायरीवर तिच्याकडे पाठ करून अंग पुसत होता. ती म्हणाली, "बाबा, माह्या पोराले वर पाठवा." बुढा अंग पुसत राहिला. ती जवळ गेली, ओरडली. बुढ्यानं दुपट्टा पिळला. तिनं खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकून वळला आणि आनंदानं म्हणाला, "जयभीम! केव्हा आली?"

संध्याकाळी ती आमच्या घरी आली.

"आजी, बाबाले ऐकू येत नाही, हे मले काऊन नाही सांगितलं?"

"तू इचारलंच नाही."

"अवो पण लेकरं खोल पाण्यात असतात. एखादं वरडलं तं?"

"बुडणारं पोट्टं वरडत नाही माय. तोंडात पाणी असते त्याच्या."

यानं तिला धीर येईल असं मला वाटलं होतं. तो आला नाही. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "उद्यापासून पोहणं बंद. मी पोट्ट्याईच्या घरी सांगून देते." आणि गेली.

बुढ्याला मी ओरडून सांगितलं. त्याआधी शेजाऱ्यांना कळलं. तो मग पुटपुटला.

"काय?"

"म्हटलं, मले पाण्यात ऐकू येते."

मी म्हटलं, येत असेल. जेवा.

दुसऱ्या दिवसापासून बुढा घरात. सकाळी त्यानं माझे डबे उतरवले आणि उंचीप्रमाणे लावले. त्यामुळे तिखटाच्या जागी साखर आली. मग तो चुलीजवळ बसला आणि मी फोडणी देताना म्हणाला, हळद जास्त झाली. मग भिंतीवरचं घड्याळ उघडलं. ते चांगलं चालत होतं. दुपारी तो दारात खाट टाकून बसला, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस विचारायला लागला, "काय बाबा, आज विहिरीवर नाही?" ते बुढ्याला मी सांगायचं. त्यावर बुढा पुटपुटायचा. ते त्या माणसाला मी सांगायचं. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला.

असे काही दिवस गेले. एका सकाळी मी आंघोळीला जाऊन आले तर त्यानं माझी भाजी निवडून ठेवली होती. पानं फेकली होती, देठं ठेवली होती. तेव्हा मी ठरवलं की हा माणूस विहिरीवर परत गेला पाहिजे. कसाही.

पण आधी मला बघायचं होतं की पाण्यात ऐकू येतं म्हणतो ते खरं आहे की लबाडी. अंगणात पाण्याचा मोठा ड्रम आहे. मी त्याला म्हटलं, घाला डोकं. त्यानं घातलं. मी दुसऱ्या बाजूनं पाण्यात हात घातला आणि दोन गोटे एकमेकांवर आपटायला लागले. पण तो सारखा डोकं वर काढून माझ्या हाताकडे बघायचा. असं कसं कळणार? म्हणून मी एका हातानं त्याची मान धरली आणि डोकं खाली दाबलं. तेवढ्यात शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि किंचाळत आली.

"काकू! सोडा! जाऊ द्या ना, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेता!"

तिनं मला मागे ओढलं. बुढा डोकं वर काढून नाक शिंकरून म्हणाला, "आधी जोरात वाजवलं, मंग हळू. मंग कोणीतरी बोंबललं."

बोंबललेलं त्याला खरं ऐकू आलं की आमची तोंडं बघून त्यानं ते लावलं, हे मला अजून माहीत नाही. पण गोट्यांचं बरोबर होतं.

गावात एक रिटायर झालेले गुरुजी आहेत, जन्मभर विज्ञान शिकवलेले. आता भेंडी लावतात. मी त्यांच्या वावरात गेले. "गुरुजी, आमच्या बुढ्याले हवेत ऐकू येत नाही अन् पाण्यात येते. असं असते काय?"

गुरुजींनी हातातली टोपली खाली ठेवली. रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी प्रश्न विचारला नव्हता, भेंडीचा भाव सोडून. "वहिनी," ते म्हणाले, "बसा." आणि बांधावर मला बसवून त्यांनी सुरुवात केली. आवाज म्हणजे ढकलाढकली. एका जागी धक्का बसला की तो शेजारच्याला देतो, तो त्याच्या शेजारच्याला. हवा दाबली की दबते, म्हणून तिच्यात धक्का जायला वेळ लागतो. पाणी दबत नाही. इकडून धक्का दिला की तिकडं लगेच पोचतो, हवेच्या चौपटीहूनही वेगात. आणि पाण्यात डोकं घातलं की तो धक्का कानाच्या भोकाची वाट बघत नाही, सरळ कवटीत शिरतो. "कारण वहिनी, आपलं डोकं आणि पाणी, आवाजाच्या हिशेबानं बरंचसं सारखं."

बुढ्याच्या डोक्यात पाणी आहे हे मला गुरुजींनी सांगायची गरज नव्हती. पण डॉक्टरनं हाडावर चिमटा टेकवला होता तीच ही गोष्ट, हे मला समजलं. मी म्हटलं, "गुरुजी, हेच चालून सरपंचाले सांगा. पण थोडक्यात."

सरपंच बाई न्यायाची आहे. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मले पाहू द्या. डोळ्यानं पाह्यलं तं पोहणं सुरू."

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव विहिरीवर. बुढा खूश. त्यानं आपली पद्धत दाखवायला घेतली. विहिरीच्या भिंतीला पाण्यालगत चारी बाजूंनी दोर बांधलेला आहे, पोरं त्याला धरून राहतात. पाठीला तेलाची रिकामी कॅन, आणि कमरेला एका पिशवीत नदीचे दोन चपटे गोटे. कान गेल्यापासून बुढा पोहण्याआधी पोरांना हेच शिकवतो. दमलं, भ्यालं, पायाला गोळा आला, की दोराला लटकायचं आणि पाण्याखाली गोटे वाजवायचे. तो स्वतः कान बुडवून पाण्यातच असतो.

ठरलं असं की सरपंचाचा पोरगा पाण्याखाली गोटे वाजवेल आणि बुढ्याला ऐकू आलं की तो हात वर करेल. वर काठावर सगळे कान टवकारून उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, चक्कीचा आवाज येतो, त्यात काय ऐकू येणार. मग माणूस पाठवून चक्की बंद करायला लावली. चक्कीवाला पिठानं पांढरा झालेला तसाच भांडत आला आणि काठावर उभा राहिला. सगळीकडे शांत झालं. एका बाईचं लेकरू रडायला लागलं तर तिला लांब पाठवलं.

पोरानं गोटे वाजवले. बुढ्यानं हात वर केला. पुन्हा वाजवले. पुन्हा हात.

काठावरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"तुले आलं काय बे ऐकू?"

"नाही बाप्पा. तुले?"

"मले तं काहीच नाही."

चक्कीवाला म्हणाला, "आमचे कान धड हायेत तं आमाले ऐकू नाही आलं. अन् ज्याचे गेले त्याले आलं? पोट्ट्याचे खांदे हलताना पाहून हात वर करून राह्यला बुढा. माही चक्की बंद केली यासाठी."

लोकांना हे पटलं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही पटलं. सरपंच माझ्याकडे वाईट वाटल्यासारखं बघायला लागली आणि मला दिसलं की उद्यापासून पुन्हा डबे, घड्याळ आणि देठांची भाजी.

गुरुजी पुढे झाले. "थांबा! पाण्यातला आवाज वर येत नाही. हवा वेगळी, पाणी वेगळं. आवाज पाण्याच्या वरच्या पापुद्र्याला खालून धडकतो आणि बहुतेक सगळा मागे फिरतो. आपण काठावर उभं राहून ऐकणं म्हणजे बंद घराच्या बाहेरून आतल्या माणसाच्या पोटात काय गुरगुरतं ते ऐकण्यासारखं आहे."

"मंग काय कराव?" सरपंच म्हणाली.

"डोकं पाण्यात घालावं."

सगळ्यांनी सरपंचाकडे बघितलं. तिनं केसांना नुकतंच तेल लावून वेणी घातली होती. ती एकेका बाप्याकडे बघत होती, पण पुढे कोणी होईना. एकाला सर्दी होती, एकाचा उपास होता. शेवटी तिनं पदर खोचला, पायऱ्या उतरली, खालच्या पायरीवर पालथी झोपली आणि डोकं पाण्यात घातलं. त्याच वेळी विहिरीवर उशिरा आलेली एक बाई "सरपंच पडली वो!" म्हणून ओरडली, तिला गप्प करावं लागलं.

पोरानं गोटे वाजवले. सरपंच पाण्यातून अशी बाहेर आली जशी कोणी टाचणी टोचली.

"अय बाप्पा! माह्या डोक्यात वाजलं!"

"बघा!" गुरुजी म्हणाले.

"अगदी इथं, मधोमध," ती कपाळाला हात लावून म्हणाली. पुन्हा डोकं घातलं, पुन्हा ऐकलं, वर येऊन हसली. मग तिला काय आठवलं कोण जाणे, तिनं डोळे मिटूनच विचारलं, "पोट्टं आता या बाजूनं हाय ना?" आणि उजवीकडे बोट दाखवलं. पोरगा तिच्या डाव्या हाताला दोराला लटकला होता.

तिचं हसू गेलं. उठून वेणी पिळत म्हणाली, "म्हणजे ऐकू येते, पण कुठून ते समजत नाही. मंग बाबालेही कसं समजन, कोणतं पोट्टं वाजवून राह्यलं ते?"

"नाही समजणार," गुरुजी म्हणाले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांची भेंडी वाळावी. पण त्यांना थांबता येत नव्हतं. "हवेत आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला अंमळ उशिरा. त्या फरकावरून आपल्याला दिशा कळते. पाण्यात तो इतक्या झटक्यात येतो की दोन्ही कानांना एकदमच. बाईंचा मुद्दा अगदी बरोबर आहे."

"झालं मंग," चक्कीवाला म्हणाला. "मी चक्की चालू करतो."

बुढा पाण्यात होता. त्याला हे काहीच ऐकू येत नव्हतं. तो खुशीत हात वर करून पडला होता, कोणी काही वाजवत नसताना.

मला राग आला. सगळ्यांचाच. मी म्हटलं, "सगळ्याईले सारखे गोटे देल्ले तं सारखंच वाजीन. येगयेगळं द्या. माह्या घरी मांजर कोणत्या भांड्यावर पडलं हे मले दुसऱ्या खोलीतून समजते. बाजूनं नाही समजत, आवाजानं समजते."

सरपंच म्हणाली, "आणा आजी. काय काय हाय ते आणा."

मी घरी जाऊन पिशवी भरून आणली. स्टीलची वाटी आणि चमचा. सांडशी. अडकित्ता. बैलगाडीचे दोन जुने नट. एका पोरानं बैलाच्या गळ्यातली घंटा आणली होती, पण ती पाण्यात बुडाल्यावर नुसतीच ठक्क झाली, तिचा सगळा तोरा गेला. ती परत पाठवली. एकेका पोराला एकेक वस्तू दिली आणि सांगितलं, हे तुझं. बुढ्याला एकदा पाण्यात सगळं ऐकवलं आणि कोणतं कोणाचं ते बोटानं दाखवलं. मग पोरांना दोराला धरून जागा बदलायला लावल्या. बुढा उताणा तरंगायला लागला, कान पाण्यात, नाक वर, डोळ्यांवर ओला दुपट्टा.

सरपंचानं हाताची खूण केली. एका पोरानं वाजवलं.

बुढा पुटपुटला.

"काय म्हणले?" सगळे मला विचारायला लागले, जसं काही मी त्यांची दुभाषी. मी खालच्या पायरीवर जाऊन बसले.

"वाटी म्हणते," मी म्हटलं. "सरपंचाचा पोट्टा." बरोबर होतं.

मग नट. मग गोटे. मग बुढा जरा थांबला आणि पुटपुटला, "हा तं माह्या घरचा अडकित्ता. इहिरीत सुपारी खाऊन राह्यला काय बे?" मी हे मोठ्यानं सांगितलं, तेव्हा काठावर पहिल्यांदा हशा झाला.

चक्कीवाला अजून गेला नव्हता. तो चप्पल काढून हळूच पायऱ्या उतरला, माझ्या शेजारी वाकला आणि खिशातला चाव्यांचा जुडगा पाण्यात घालून खुळखुळवला. बुढ्यानं दुपट्टा दूर केला, डोकं वर काढलं आणि इकडेतिकडे बघितलं. "हे माह्या पोट्ट्याईतलं नाही. कोण भरती झालं नवीन?"

चक्कीवाल्यानं हात पुसला. "येते बाप्पा बुढ्याले ऐकू," तो म्हणाला. "पण चक्की काऊन बंद केली हे मले अजून समजलं नाही."

सरपंच पायरीवर बसून केस मोकळे करून वाळवत होती. लोक आता हसत होते, आयाबाया पोरांना कॅन बांधायला लागल्या होत्या. मला वाटलं, जमलं. उद्या सकाळी शेवया घालाव्यात. गच्च ऊन आहे.

"गुरुजी," सरपंच म्हणाली, "खालचा आवाज वर येत नाही म्हणता. मंग वरचा खाली जाते काय?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "तोही पाण्याच्या पाठीवरून परत फिरतो. आणि बाबांना हवेतलं तर ऐकूच येत नाही."

"म्हणजे एखादं लेकरू पाण्यात नाही, पायरीवर घसरून पडलं, अन् वरडलं, तं?"

सगळे पायऱ्यांकडे बघायला लागले.

"खालचं बाबा ऐकन. वरचं ऐकाले एक माणूस पाह्यजे. रोज. कान चांगले असलेला, अन् ज्याले सकाळी काही काम नाही." आणि तिनं मान वळवली. सगळ्यांनीच वळवली. गुरुजींनीसुद्धा.

"मले घरी काम हाय," मी म्हटलं.

"काय काम आजी?"

शांत बसायचं काम आहे, हे सरपंचाला सांगता येईना. मी म्हटलं, शेवया.

"इथं वाळवा ना. काठावर काय कमी ऊन हाय?" ती म्हणाली. "आजी, तुमच्यासाठीच चालू करून राह्यले मी हे पोहणं. तुम्ही किती जीव तोडला बाबासाठी, पाह्यलं ना आम्ही." बाकीच्या बायांनीही माना हलवल्या. एकीनं तर डोळे पुसले. कोणासाठी जीव तोडला ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगून कोणाला पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. बुढा खांद्यावर दुपट्टा टाकून निघाला आणि दारातच थांबला. वळून माझ्याकडे बघायला लागला. मग काहीतरी पुटपुटला.

"काय?"

"म्हटलं, चाल ना. पोट्टे वाट पाहून राह्यले."

मी छत्री घेतली आणि निघाले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात रोज सकाळी मी विहिरीच्या काठावर बसते. आयाबाया म्हणतात, आजीचा किती जीव आहे बाबावर, घडीभर सोडत नाही. मी छत्री सावरते. घरात तो सारखा समोर असतो. इथं निदान बराच वेळ पाण्याखाली असतो.